मशीन कुणाच्या बाजूनं बोलणार

फोन लागला नाही की रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज सांगतो, "कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." आमचे अण्णा तिला उत्तर द्यायचे. "करतो हो बाई. तू पन दोन घास खाऊन घे, सकाळधरनं बोलतेस." तिथे खरी बाई नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "म्हनून काय झालं? नीट बोलनाऱ्याशी नीट बोलावं," असं त्यांचं म्हणणं.

अण्णा माझे थोरले काका. वडील लवकर गेले, म्हणून मी भिवंडीजवळ दिघाशी गावात त्यांच्याच घरी वाढले. राहनाळला त्यांचा जमिनीचा एक तुकडा होता. तिथे गोदाम उभं राहिलं आणि भात लावणारे अण्णा गोदाममालक झाले. रोज दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि आत कसला माल चालला आहे, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एकदा कॉम्प्युटरची खोकी उतरत होती. अण्णांनी ट्रकवाल्याला विचारलं, "क्यूं भाय, ये सोचता भी है क्या?" तो म्हणाला, "चाचा, सोचता तो इतना चुपचाप ट्रक में बैठता?" हे उत्तर अण्णांनी पुढे आठवडाभर गावात सांगितलं.

पुढे काय होणार, याबद्दल त्यांची मतं ठाम असत आणि बहुतेक वेळा चुकत. मोबाइल लवकरच बंद पडणार, कारण माणसाजवळ एवढं बोलायला असतंच काय? भिवंडीतले कापडाचे लूम आपोआप चालू लागले की चहाच्या टपऱ्या बसणार, आणि मग कारखानेही बसणार, कारण टपरीशिवाय चालणारा कारखाना त्यांनी पाहिलाच नव्हता. काकू भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, जगातल्या मशिनी ऱ्हाऊ द्या. विहिरीवरचा पंप तेवढा दुरुस्त करून आना."

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा वज्रेश्वरीकडच्या एका शाळेत शिक्षक होता. बघायला आला तेव्हा त्यानं मला "सध्या काय वाचता?" असं विचारलं, आणि उत्तराची वाटही पाहिली. मला तो मनापासून आवडला होता. पण हे मी कुणाला बोलले नव्हते आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्याची आई आमच्या दोघांच्या जन्मवेळा घेऊन भिवंडीत कॉम्प्युटरवर पत्रिका काढणाऱ्या दुकानात गेली. निम्मेसुद्धा गुण जुळले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती तो छापील कागद घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. "भटजींनी सांगितलं असतं तर दुसऱ्या भटजींना इचारलं असतं, अण्णा. पन हे मशिनीनं सांगितलंय. मशीन कुनाच्या बाजूनं बोलनार?"

मी दाराआड उभी होते. मग अण्णा उठले. "चला, मलाच त्या मशिनीला भेटू द्या," म्हणाले, आणि आम्हा सगळ्यांना रिक्षात घालून त्या दुकानात घेऊन गेले.

"आता माझी आन् हिची बघा," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. त्यानं काकूला जन्मवेळ विचारली.

"आय म्हनायची, गुरं सोडायच्या वख्ताला झाली."

"म्हणजे किती वाजता, मावशी?"

"गुरं काय घड्याळ बघून सुटतात?"

दुकानदारानं आठ वाजता असं भरलं. प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. अण्णा-काकूंचे गुण आमच्याहूनही कमी निघाले. काकू म्हणाली, "हे मी फुकट सांगितलं असतं." सगळे हसले. मुलाची आईसुद्धा हसली, पण हातातला कागद तिनं सोडला नाही.

अण्णा तिच्याकडे वळले. "आमच्या पोरीच्या वेळेला घरातलं घड्याळ बंद व्हतं. वेळ मीच अंदाजानं सांगितली. आपला अंदाज घेऊन ह्या बिचाऱ्या कॉम्प्युटरनं हिशेब केला, त्याच्यावर राग न्हाय. पन बघा, त्यानं तारीख इचारली, टाइम इचारला, गाव इचारलं. पोरीला काय वाटतं, हे काय इचारलं न्हाय." मग म्हणाले, "मी पन न्हाय इचारलं." आणि त्या भर दुकानात माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल गं."

मी बोलले. "मला ते आवडलेत. मला तिथंच जायचंय."

मुलाच्या आईनं कागदाची घडी घातली. "बोलते तर," ती काकूला म्हणाली. "मला त्याचीच काळजी व्हती. बघायला आलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना हिच्या." पुढच्याच महिन्यात साखरपुडा झाला.

नंतर काही वर्षांनी, भात कापून झाल्यावर, अण्णा गेले. आता तर प्रश्नाला उत्तर देणारी, कविता करणारी यंत्रंही आली आहेत. आमचे हे पेपरातली तसली बातमी मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, "यावर अण्णा काय म्हणाले असते?" मी एक सांगते, हे दुसरंच काहीतरी सांगतात, आणि दोघांचंही चुकलेलं आहे हे दोघांना कळतं. इतकी वर्षं एका घरात राहूनही अण्णांचं पुढचं वाक्य मला कधी आधी ओळखता आलं नाही. ते गेले, म्हणजे ते पुढचं वाक्य गेलं.