तिठ्यावरचं लिंबू

किशोरी नाखवा यांना समाजसेवा करायची नव्हती. त्यांना जवळा वाळवायचा होता.

थळच्या अलीकडे एका तिठ्याला लागून त्यांचं खळं आहे. पाऊस सरला की तिथे जुनी जाळी अंथरून त्या हा बारीक कोळंबीसारखा जवळा पसरतात. तिठ्यावर गावाचा कचऱ्याचा ढीग होता. मांडव्याला बोटीतून उतरलेले शनिवार-रविवारचे पाहुणे गाडीची काच खाली करून त्यात भर घालत. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की वेफरची पाकिटं आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या थेट जवळ्यात. गेल्या हिवाळ्यात वाशीच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना कालवणात गुटख्याच्या पुडीचा कोपरा सापडला. त्या बाईंनी तो धुऊन, पिशवीत घालून परत आणून दिला.

त्या दिवसापासून किशोरीबाई सकाळी गोणी घेऊन तिठा साफ करू लागल्या. एकट्याच. गावाने कौतुक केलं ते असं, की आणखी कचरा आणून टाकला. उचलणारं माणूस आहे म्हटल्यावर घंटागाडीची वाट कोण बघतो? शेजारच्या वाडीत पर्यटकांना खोल्या देणारा धनेश तर मोटरसायकलवरून पिशव्या आणायचा.

"धनेश, घंटागाडी तुझ्या दारात येते ना रे?"

"येते गो ताय, पण उशिरा. पाहुण्यांना वास येतो."

"आणि माझ्या जवळ्याला?"

"जवळ्याला आधीच वास हाय ना!"

किशोरीबाई ग्रामपंचायतीत खेटे घालून आल्या. ‘येथे कचरा टाकू नये’ असा फलक लागला. लोक फलकाच्या खांबालाच पिशव्या अडकवू लागले. तिथवर कुत्र्यांचं तोंड पोचत नाही.

मग कार्तिकात एका पहाटे किशोरीबाईंनी तिठ्यावर केळीचं पान ठेवलं. त्यावर भाताची मूद, हळद-कुंकू, लिंबू, नारळ. उतारा. आजारी किंवा दृष्ट लागलेल्या माणसावरून ओवाळून असं पान तिठ्यावर ठेवतात. त्याला कोणी हात लावत नाही, ओलांडतही नाही, नाहीतर ती पीडा आपल्या मागे लागते. हा उतारा कोणावरूनच ओवाळलेला नव्हता. तेवढं फक्त त्यांच्या सासूबाई वेणूबाईंना माहीत होतं.

उपाय लागू पडला. धनेशची मोटरसायकल लांबूनच वळून गेली. थोडे दिवस तिठा स्वच्छ राहिला.

मग तिथे दुसरं पान आलं. त्यामागे तिसरं. ही जागा उताऱ्याला चांगली, अशी बोलवा झाली होती. लोक उतारे आणत तेही प्लास्टिकच्या पिशवीत, कारण भात सांडतो. भात आंबला, नारळ कुजले, पिशव्या उडू लागल्या. आता किशोरीबाईही हात लावेनात. "कचरा येगळा," त्या म्हणतात. "माझं लिंबू कुठलं आणि लोकांचं कुठलं, त्यावर काय नाव लिवलेलं असतं?"

खरा फटका त्यानंतर बसला. त्यांचा माल उचलून बाजारात विकणारी कृष्णाबाई खळ्यावर आली आणि पाटी खाली न ठेवताच बोलली, "माल चांगला हाय गो. पण उताऱ्याच्या वाऱ्यावर वाळलेला. माझ्या गिऱ्हाइकांना कळलं तर?"

"अगो, पयला मीच ठेवला व्हता. खोटा!"

"खोटा उतारा?" कृष्णाबाई मागे सरली. "असला खेळ करतात होय? मग तर न्हायच घेणार."

हंगामाचा जवळा घरात गोण्यांत पडून राहिला. शेवटी एका बाजाराच्या दिवशी, बायका तिठ्यावर रिक्षासाठी थांबलेल्या असताना, किशोरीबाई गोणी घेऊन आल्या.

"फडका तरी गुंडाळ गो हाताला," वेणूबाई कुजबुजल्या.

त्यांनी गुंडाळला नाही. फडका दिसला असता तर त्या घाबरल्या असंच बाजारभर झालं असतं. पानं, लिंबं, आंबलेला भात, सगळं उघड्या हाताने गोणीत गेलं. त्यातल्या त्यात बरा दिसणारा एक नारळ त्यांनी दगडावर फोडला आणि तुकडा चावून खाल्ला. भीती वाटत होती, हे त्या मान्य करतात. "आणि वर नारळ खवट."

बायकांनी वाट पाहिली. किशोरीबाईंना साधी सर्दीही झाली नाही. तेव्हा कृष्णाबाई पुन्हा आली आणि गोण्या उचलून घेऊन गेली.

जवळा गेला. तिठा मोकळा झाला, तशा कचऱ्याच्या पिशव्याही परत आल्या. वर आणखी एक काम वाढलं. आता वाडीत कोणाच्याही दारात लिंबू सापडलं की बोलावणं किशोरीबाईंना. परवा धनेश धापा टाकत आला.

"ताय, पायरीवर कोणीतरी लिंबू ठेवून गेलंय. पाहुणे घाबरून गाडीत बसलेत. तुला काय होत न्हाय, तेवढं उचल ना."

"आधी त्या तुझ्या पिशव्या उचल."

धनेशने तिठ्यावरच्या दोन उचलल्या. तिसरी कुत्र्यांनी फाडली होती. तिला हात लावायची त्याला किळस आली.

ती किशोरीबाईंनी उचलली.