सावली न दाखवणारा तंबू

केंद्रीय सेवांच्या मुख्य परीक्षेच्या निकालात माझा नंबर नव्हता, आणि पुन्हा बसायला वय उरलं नव्हतं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचंही तेच. मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावची, ती उदगीरची. दिल्लीत आल्यावर दुसऱ्या वर्षी आमची ओळख झाली आणि तेव्हापासून मयूर विहारमधल्या एका सोसायटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत आम्ही राहत होतो. घरमालकीण मराठीच. लग्न होऊन दिल्लीत आल्याला त्यांना चाळीस वर्षं झाली होती. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि दोन वर्षांत गेला, मुलगा परदेशात. आम्ही त्यांना काकू म्हणायचो.

निकालाच्या दुपारी बाबांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी निकालाचं काही विचारलंच नाही, म्हणजे त्यांनी आधीच बघितला होता. "सामान जास्त असंल तर मी येतो न्यायला," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्याने मी जेवढी खचले तेवढी यादी बघून खचले नव्हते. मला घ्यायला ते शेवटचे आले होते मी दहावीत असताना, ताप आला म्हणून, शाळेतून.

मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने सगळं ऐकलं. तशीच पडून म्हणाली, "आज गाडीत बसलं की उद्या घरी. एवढ्या लवकर कसं पोहोचायचं गं? मला नाही जमणार."

"मग?"

"सायकलने जाऊ."

आमच्याकडे दोन सायकली होत्या, आधी राहून गेलेल्या मुलींकडून घेतलेल्या, गियरच्या, जुन्या. वाचनालयात जायला घेतल्या होत्या. रविवारी पहाटे रस्ते रिकामे असताना आम्ही त्यांच्यावरून ओखल्याच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन यायचो. आठवड्यातले तेवढे दोन तास डोक्यात अभ्यास नसायचा. मला वाटलं ती गंमत करतेय. पण तिने हिशोब केलेला होता. रोज साठ-सत्तर किलोमीटर धरले तर वीस-बावीस दिवस.

"वीस दिवसांत तोंडाला सवय होईल," ती म्हणाली.

"कशाची?"

"नाही झालं, असं सांगायची. रोज कुणीतरी भेटेल, रोज एकदा सांगायचं. उदगीर येईपर्यंत पाठ होईल."

आता प्रश्न मुक्कामाचा. लॉजवर ओळखपत्र मागतात, ते ठीक. पण त्यानंतर विचारतात, सोबत कोण आहे, कुठून आलात, काय करता. दोन मुली, आडनावं वेगळी, धर्म वेगळा, नोकरी नाही. तिला एकदा परीक्षेच्या केंद्राजवळ खोली मिळाली नव्हती, तेव्हापासून लॉजच्या काउंटरचं नाव काढलं की तिचा आवाज बदलायचा. तंबू असला तर विचारणारं कुणी नाही, असं आम्हाला वाटलं. खरोखर वाटलं. म्हणून जानेवारीचे तीन आठवडे आम्ही दुसरं काहीही केलं नाही, फक्त तंबू शोधला.

आम्हाला एकच गोष्ट नीट येत होती, तयारी करणं. तिने वही काढली, रकाने आखले. वजन, घडी केल्यावर लांबी, थर किती, उभा करायला खुंट्या लागतात का. सहलीचे म्हणून मिळणारे तंबू आवाक्यात होते, पण साडेतीन-चार किलोचे. सायकलच्या मागे कपडे, पाणी, पंक्चरचं सामान बांधल्यावर एवढा बोजा चढावर जीव काढतो. दीड किलोचे होते, ते आमच्या दोघींच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढ्या किमतीचे. मधले काही होते. त्यातला एक फार हलका होता, पण तो दोऱ्या ताणून, जमिनीत खुंट्या ठोकूनच उभा राहायचा. आम्ही झोपणार पेट्रोल पंपाच्या आवारात, शाळेच्या ओट्यावर, गुरुद्वाऱ्याच्या फरशीवर. सिमेंटमध्ये खुंटी कशी ठोकणार? तोही गेला.

पहाडगंजकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, नम्र होता. दोन माणसांचा तंबू दाखवा म्हटल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, भाईसाहब की हाइट कितनी है?"

"पाँच फुट दो इंच," मैत्रीण म्हणाली.

त्याने खरंच त्या मापाने एक काढून दिला. बाहेर पडल्यावर आम्ही मेट्रोच्या पायऱ्यांवर बसून पोट धरून हसलो. ते त्या महिन्यातलं शेवटचं हसणं असावं.

शेवटी एक ऑनलाइन मागवला. राखाडी, दोन किलोच्या आसपास. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला तर सांगितल्यापेक्षा पावशेर जास्त भरला, पण चालण्यासारखा होता. संध्याकाळी गच्चीवर उभा केला. अंधार पडायला लागल्यावर मी आत बसून मोबाइलची बॅटरी लावली आणि केस विंचरून वर बांधले. बाहेरून काहीच आवाज येईना. चेन उघडून बघितलं तर मैत्रीण आणि काकू शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"सगळं दिसतं," मैत्रीण म्हणाली.

"म्हणजे?"

"तू बाई आहेस ते दिसतं. एकटी आहेस ते दिसतं. हात वर केलास ते दिसतं."

मी बाहेर आले, ती आत गेली. खरंच होतं. कापडावर तिची सावली इतकी स्पष्ट होती की तिचं नाकसुद्धा ओळखू यावं. तिने बॅटरी विझवली. मग म्हणाली, "अंधारात बसू. दिवा लावायचाच नाही." पण पेट्रोल पंपाचे दिवे, ट्रकचे दिवे आपण थोडेच विझवणार. तिने वहीत नवा रकाना आखला: सावली. असा रकाना जगातल्या कुठल्याही तंबूच्या माहितीत नसतो. किती पाऊस सोसतो ते लिहितात, किती वारा सोसतो ते लिहितात. आम्ही विकणाऱ्यांना निरोप पाठवून विचारायला लागलो, आतून दिवा लावला तर बाहेर काय दिसतं? एकाने उत्तर दिलं, "बहुत सुंदर दिखता है मैम, फोटो भेजूँ?"

तो तंबू परत केला. दुसरा आला तो गडद हिरवा, जाड कापडाचा, दोन थरांचा, पावणेतीन किलो. सावली दिसत नव्हती. गच्चीवर एक रात्र त्यात झोपून बघायचं ठरलं. सकाळी उठलो तर आतल्या कापडावरून पाणी ओघळत होतं, आमच्याच श्वासाचं. गोधड्या ओल्या, केस ओले. हवा खेळायची तर वरचं कापड उघडं ठेवावं लागतं, आणि उघडं ठेवलं की आतलं दिसतं. मैत्रीण ओली गोधडी कठड्यावर टाकता टाकता रडायला लागली. निकालाला ती रडली नव्हती.

काकू चहा घेऊन वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मी काय सांगते, ऐका तरी. फ्लाइटने जा यार. मी तिकिटं काढून देते, बिल्कुल."

"काकू, तिकिटाचं नाहीये ते," मी म्हटलं.

"अच्छा, मग कशाचं आहे?"

मी गोधडीचं दुसरं टोक धरून पिळायला लागले. काकू कठड्यापलीकडे, जिकडे धुक्यात यमुना असते तिकडे बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली. हे म्हणायचे, खादरमध्ये, नदीच्या पात्रालगत जाऊ, भाजीचे मळे बघू. ते होते तेव्हा वेळ नव्हता. आता वेळ आहे तर एकटीने जायचं कसं? ही एवढी जवळ आहे नदी." आणि कप गोळा करून खाली गेल्या. त्यानंतर त्यांनी आम्हाला अडवलं नाही.

आम्ही ठरवलं की तंबू हाच. ओलं तर ओलं. आणि निघण्याआधी एक दिवस जवळपास जाऊन, मुक्काम करून बघायचं. फेब्रुवारीतल्या एका पहाटे निघालो, फरिदाबाद मागे टाकलं, पलवल टाकलं. दुपारी दोन वाजता हमरस्ता सोडून एका गावात शिरलो. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी धमक होती, पाय दुखत होते, आणि मला आठवतं, मैत्रीण पुढे जाता जाता मागे वळून ओरडली, "आलंय की जमत!"

शाळेत गेलो. मास्तर भले होते. म्हणाले, परवानगी सरपंचाची लागेल. सरपंच गावात नव्हते. त्यांच्या घरच्या बाईने पाणी दिलं, गूळ दिला आणि विचारलं, साथ में कौन है? मंदिराच्या आवारात पुजाऱ्याने आडनावं विचारली. मी माझं सांगितलं. मैत्रिणीने तिचं सांगितलं. पुजारी म्हणाले, तुम्ही राहू शकता, असं माझ्या एकटीकडे बघून. आम्ही सायकली वळवल्या.

शेवटी हमरस्त्यावरच्या एका ढाब्याच्या मालकाने मागची मोकळी जागा दाखवली. वयस्कर माणूस होता. म्हणाला, लावा, कोणी काही बोलणार नाही. चार वाजले असतील, ऊन होतं. आम्ही तंबू काढला. काठ्या जोडायला लागलो तशी ट्रकवाली मंडळी खाटा सोडून बघायला आली. आधी चारजण, मग दहा, मग गावातलीही. कुणी वाईट बोललं नाही. एकाने तर दोरी धरून मदत केली. पण सगळ्यांनी मोबाइल काढले. तंबू उभा राहिला तेव्हा त्याच्याभोवती माणसांचं कडं होतं, आणि पहिल्या रांगेतला एकजण वाकून, चेन उघडून, आत कुठे झोपणार, उशाला काय घेणार, ते दुसऱ्याला समजावून सांगत होता.

मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "सावली दिसत नाही म्हणून एवढा धडपडून घेतला ना हा."

ढाबेवाल्याने लोकांना हटवलं. मग आमच्याजवळ येऊन हळू म्हणाला, "बेटी, मैं तो यहीं हूँ. पर मैं सो जाऊँगा." त्याने आम्हाला हाकललं नाही. त्याने फक्त खरं ते सांगितलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि काठ्या सोडवायला लागलो. काही घडलं असतं तर निदान ते सांगता आलं असतं. काही घडलंच नाही.

आमच्या घराजवळच्या गाझीपूरच्या मंडईत कोबी घेऊन जाणारा एक टेम्पो त्यानेच थांबवला. सायकली पोत्यांवर आडव्या टाकल्या आणि आम्ही पुढे बसलो. जे अंतर तोडायला आम्हाला आठ तास लागले होते ते टेम्पोने संध्याकाळच्या गर्दीतही दोन-अडीच तासांत संपवलं. फरिदाबादच्या आसपास चालकाने विचारलं, आप लोग क्या करते हो? तोंडाला सवय करायची म्हणून निघालो होतो आम्ही. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "तैयारी करते हैं."

पुढच्या आठवड्यात तिने गाडीचं तिकीट काढलं. एकाच माणसाचं. मला आधी सांगितलं नाही, वहीतून पडलं तेव्हा कळलं. तिच्या मामांनी उदगीरच्या एका शाळेत तिच्यासाठी शब्द टाकला होता. हजरत निजामुद्दीनला मी सोडायला गेले. सामान चढवल्यावर ती दारात उभी राहून म्हणाली, "तू निघ लवकर. नाहीतर इथेच राहशील." मी हो म्हटलं. गाडी हलल्यावर तिने हात केला नाही, आतच गेली. मला राग आला, आणि मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं की तीही आत जाऊन रडत असणार.

तंबू मी जाहिरात टाकून विकला. द्वारकेहून एक मुलगा घ्यायला आला, नोकरीवाला, डोंगरात सायकल चालवायला चालला होता. त्याने काठ्या तपासल्या, शिवणी ताणून बघितल्या आणि विचारलं, किती वापरलाय? मी म्हटलं, एक रात्र आणि एक दुपार. तो खूश झाला. मला म्हणाला, चांगली निवड आहे तुमची, या किमतीत एवढा बंदिस्त मिळत नाही.

मी इथेच राहिले. क्लासच्या उत्तरपत्रिका तपासते. काकूंकडे खोलीत आता दुसरी एक मुलगी आहे, नाशिककडची, बावीस वर्षांची. पहाटे चारला उठून पाठांतर करते. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहते. ती चुकते तिथे मला उत्तर येत असतं.

दिवाळीत गाडीने घरी गेले. बाबा स्टेशनवर आले होते, माझ्या हातातली एकुलती एक बॅग त्यांनी घेतली. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की मी काही बोलायच्या आत तेच सांगायचे, "दिल्लीला असते. शिकवते." चार दिवस राहिले. आईने डबा बांधून दिला, बाबा पुन्हा स्टेशनपर्यंत आले, आणि खिडकीशी उभं राहून गाडी सुटेपर्यंत पावसाबद्दल बोलत राहिले.