दाराबाहेरचे बूट

ती केस विसरण्याचा हक्क मी गमावला आहे, म्हणून लिहितो.

मी तेव्हा चाकणजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावातल्या एका म्हाताऱ्या घरमालकाने कामगारांसाठी पत्र्याच्या दहा खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या एका भाडेकरूचा टीव्ही इतका मोठ्याने चाले, की शेजारचे खोल्या सोडायला निघाले होते.

मालक ठाण्यात येऊन म्हणाला, "साहेब, काय बी करा, पर ह्याला भाईर काढा. किती समजावलं! नुसता हसतो आन् मान हलवतो."

आम्ही दोनदा अदखलपात्र नोंद घेतली. खरा मार्ग मला पाठ होता. वकिलामार्फत नोटीस, मग शेजाऱ्यांच्या साक्षींसह उपद्रवाच्या कारणावरून कोर्टात दावा. हुकूम येईपर्यंत कुलूप लावता येत नाही, वीज-पाणी तोडता येत नाही. पण त्या दिवशी बंदोबस्ताची घाई होती. मी म्हणालो, "अहो मालक, कोर्टात वर्षं जातील. तो कामावर गेला की कुलूप ठोका, लाईट तोडा. झक मारत खोली सोडेल."

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी त्या भाडेकरूचा सोबती धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, त्याला रात्रपाळीला न्यायला गेलतो. दाराला भाईरून कुलूप, आन् त्याचे कंपनीचे बूट दारातच हायत!"

आम्ही कुलूप तोडलं. तो दाराला टेकून बेशुद्ध पडला होता. अंग भाजत होतं, चार्जरला लावलेला फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. शेजारीण म्हणाली, "दुपारभर दार आपटत होतं. पण त्याच्याकडचा आवाज रोजचाच, कोण लक्ष देतंय?"

चौकशीत मालक म्हणाला, "मला वाटलं, त्यो गावी गेला. कुलूप त्यानंच लावलं असंल."

"अनवाणी गेला का?"

 मग तो म्हणाला, "सकाळी लई दार वाजिवलं, साहेब. ओ दिली न्हाई. वाटलं, कामाला गेलाय, म्हून कुलूप ठोकलं, लाईट तोडली. बुटाकडं ध्यानच गेलं न्हाई."

ओ न देण्याचं कारण सोबत्याकडून कळलं. त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून तो दिवसा झोपला होता; आणि बारा वर्षं प्रेस मशीनवर काढून त्याचे कान गेले होते. नोकरी जाईल म्हणून तो ते लपवायचा.

जबाब संपताना मालक रडत म्हणाला, "तुमीच म्हणला व्हता ना, कुलूप ठोका?"

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ते लिहू नका," मी म्हणालो.

मालकाला शिक्षा झाली. मी सन्मानाने निवृत्त झालो. वर्दीतला माणूस सहज बोलतो तेही लोक हुकूम समजून पाळतात, हे मला फार उशिरा कळलं. आज कुणी घरमालक सल्ला विचारायला आला, तर मी त्याला थेट वकिलाकडे पाठवतो.

त्या जबाबानंतर दोनच दिवसांनी भाडेकरूची बायको गावाहून ठाण्यात आली होती. कधीकाळी तीही त्या खोलीत राहिली होती. ती म्हणाली, "म्हातारा मालक तापट व्हता, पर असा न्हवता. कुलूप लावायचं त्याला कुणी सांगितलं?"

जबाब माझ्यासमोरच होता. मी तो उगाच चाळला.

"यात तसं काही नाही," मी म्हणालो.