नव्या फोटोंना जुना रंग

शनिवार पेठेत आमचा छोटा स्टुडिओ आहे. बायको मुग्धा फोटो काढते आणि मी कॉम्प्युटरवर ते ‘जुने’ करतो! म्हणजे सावल्या हिरवट, उजेड पिवळसर, चेहऱ्यावर जरा लाली. रोलच्या जमान्यातल्या फोटोंना यायचा तो रंग. हे सुरू केल्यापासून मित्रांत बसलो की मला विषय शोधावा लागत नाही. गिऱ्हाइकंच पुरवतात!

पहिली आली एक आयटीतली मुलगी. फोटो बघून उड्याच मारायला लागली, “कसला भारी लुक आलाय!” सोबत वडील. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

“अहो, आमच्या वेळी फोटो असे आले, की आम्ही दुकानदाराशी भांडायचो.”

मग मी हौसेनं माझाच फोटो दर्शनी काचेत लावला. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आत आले, त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली.

“कावीळ नाहीये तुम्हाला. मग तो बाहेरचा कोण?”

वाघोलीकडचा एक नवरदेव म्हणाला, “अख्ख्या अल्बमला रेट्रो मारा!” मारला! दुसऱ्या दिवशी तो चुलत्यांना घेऊन हजर. चुलते तडकले,

“आवो, आपली गाडी पांढरी हाय. तुमी पिवळी केली. लोक म्हनतील, भाड्याची टॅक्सी आनली!”

“आणि नवरा-नवरी?” मी घाबरत विचारलं.

“ते ऱ्हाऊ द्या. त्यास्नी हळद लागलीय.”

पण सगळ्यांवर कडी केली जोशीकाकूंनी. त्यांच्या लग्नाचे फोटो त्यांच्या थोरल्या भावानं काढले होते. रोल धुतला तर कोरा! दादानं लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, “दादा, झाकण!” ठरलेलं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा काका-काकू मुंडावळ्या बांधून पुन्हा उभे राहिले. मुग्धानं फोटो काढला. “तेव्हाचाच वाटला पाहिजे हं,” काकूंनी बजावलं होतं. मी जीव ओतून रंग चढवला आणि फ्रेम घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो.

फ्रेम दादांच्या हातात गेली. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी ती पार नाकापाशी नेली. काकूंनी वाढायचं थांबवलं.

दादांनी मान वर केली आणि ते गरजले,

“बघा! चाळीस वर्षं सांगतोय, झाकण काढलं होतं!”