चांदबिबी महालावर यांचं नाव कुणी घेतलं?

या, अशा जवळ सरकून बसा. माझं लिहिलेलं वाचता, खाली नुसता अंगठा ठेवून पळता... आजी बरी आहेस का, एवढं कुणाला विचारवत नाही. असो. आज पळू नका.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. भिंगारला जन्म गेला, स्मशानाच्या कडेनं दूध आणलं, कधी कुणी आडवं आलं नाही.

आमच्या यांना विसरायचा आजार जडलाय. डॉक्टर म्हणाले, "आजी, 'अहो'ला ते आता ओ देणार नाहीत. नावानं हाक मारत जा." मारायची कशी? यांचं नाव रंगनाथ. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तेव्हापासून मी रंगालासुद्धा कलर म्हणते!

गेल्या हिवाळ्यात यांनी महालाचा हट्ट धरला. तरुणपणी सायकलवर जायचे. मग एका दुपारी सून सविताने गाडी काढली. पाथर्डी रोडला डोंगरावर तो तीन मजली दगडी महाल — खरं तर एका सरदाराची कबर, पण आम्ही महालच म्हणतो. खाली सगळं नगर दिसतं.

पाण्याची बाटली काढायला वळलो, तेवढ्यात हे गायब.

"अहो... अहो, ऐकलं का?" मी ओरडत सुटले. फिरायला आलेले दोन-तीन नवरे वळून बघायला लागले, आमचे सोडून. सविता म्हणाली, "आई, वर बघा."

हे वरच्या उघड्या कमानीत, अगदी कडेला. चपलेचं टोक बाहेर. सविता "अण्णा, अण्णा" करत जिन्याकडं पळाली, पण हे तिला ओळखतच नाहीत. मी तोंड उघडलं. नाव दातांपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं...

तेवढ्यात आतून, घुमटाकडून, बाईचा आवाज आला. ओरडून नाही, घरात बोलतात तसा.

"रंगनाथ, मागं या."

"आलो गं," म्हणत हे मागं सरकले.

सविता हाताला धरून त्यांना खाली घेऊन आली. मला म्हणाली, "बरं झालं आई, शेवटी नाव घेतलंत."

"मी न्हाई गं घेतलं."

"वर कुणीच नव्हतं. आणि आवाज तुमचाच होता."

हे म्हणाले, "हिचाच. दुसरं कोण बोलावतंय मला?"

माझा आवाज मला काय ओळखू येणार? मुलगा म्हणतो, घुमट घुमतो, प्रतिध्वनी असेल. असेल बाबा. पण आधी कुणीतरी बोलायला हवं ना? माझ्या तोंडून तर हवासुद्धा निघाली नव्हती. अजून उलगडा झालेला नाही.

महालावरून उतरताना मात्र मीच म्हणाले, "रंगनाथ, दगड बघून पाय टाका." हे गालात हसले. आता रोज नावानं हाक मारते. कधी ओ येते, कधी नुसते बघत राहतात.

म्हणून म्हणते, लवकर या भिंगारला. दारातून तुम्हीही नावानंच हाक मारा... ओ येतेय तोवर या.