केळ्यातला उजेड

परवा एक अफवा मला केवढ्याला पडली सांगतो... चार कॅरेट केळी, अर्ध्या दिवसाचा धंदा आणि शेवटी थोडी इज्जत.

भूकंपानंतर मी अर्धापूरहून लातूरला आलो, हातगाडीवर केळी विकली. आता कोचिंगच्या पोरींचं एक मोठं होस्टेल माझं गिऱ्हाईक आहे. खरं सांगायचं तर दुकान त्याच्यावरच उभं आहे.

परवा सकाळी गाडी भरलेलीच परत आली. मागोमाग रेक्टर मावशींचा फोन... "भाऊ, पोरी हातच लावंनात. केळ्यात अँटीमॅटर हाय म्हणे, पोटात स्फोट होतो. उद्यापासून दुसरं फळ बघते मी."

मी आलो त्या दिवसांत "आज रात्री परत हलणार" असं एकानं म्हटलं की अख्खी गल्ली गाद्या घेऊन रस्त्यावर यायची. तेव्हापासून एक शिकलो... अफवेचं मूळ गाठायचं. मावशींना विचारलं, तर पोरींनी हे फिजिक्सच्या तासाला ऐकलेलं; थेट त्या सरांकडे गेलो.

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो काका, बॅच पेंगत होती, जागं करायला केळ्याचं उदाहरण दिलं!"

मग समजावलं. आपण सगळे मॅटर. त्याचा उलटा जोडीदार अँटीमॅटर. दोघं भेटले की दोघंही संपतात, उरते नुसती ऊर्जा. चिमूटभर जरी भेटलं तरी शहराचं काही खरं नाही... पण केळ्यातल्या पोटॅशियममधून तास-सव्वातासाला एखादाच पॉझिट्रॉन, म्हणजे अँटीमॅटरचा एक कण, निघतो. शेजारचा इलेक्ट्रॉन त्याला लगेच गाठतो. दोघं गायब, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाचे दोन किरण दोन दिशांना. बस्स. खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

माझी छाती फुगली ना! शेजारच्या बटाटेवाल्या रझाकभाईंना म्हटलं, "माझ्या मालात उजेड आहे. तुमच्यात आहे का?"

"नहीं मालक," ते हसले, "अपना तो जमीन के नीचे का माल... अंधेरे का."

संध्याकाळी सर होस्टेलवर आले. सगळं परत सांगितलं, सगळ्यांसमोर केळं खाल्लं. एकही पोरगी हलेना. सगळ्यांची नजर सरांच्या पोटावर...

तेवढ्यात देगलूरची एक पोरगी उठली. "सर, हे पोटॅशियममुळं होतं ना? मग बटाट्यात बी पोटॅशियम हाय की! काल दोन्ही टायमाला बटाटाच होता मेसमध्ये."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, आपण तर कवाच फुटायला पाहिजे होतो!"

हशा थांबेपर्यंत देगलूरच्या पोरीनं केळं सोललंसुद्धा. बाकीच्या मागोमाग. मावशी म्हणाल्या, "भाऊ, उद्या नेहमीसारखी गाडी येऊ द्या."

पोरी, तू डॉक्टर हो, इंजिनिअर हो, काहीही हो... माझं दुकान वाचवलंस.

निघताना सरांना हळूच विचारलं, "पण उजेड केळ्यात जास्त असेल ना?"

"नाही काका. वजनाला वजन धरलं तर बटाट्यातच थोडं जास्त."