पगारी आत्या

खारी गावाच्या मागे ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत तळमजल्यावर सरोजाबाई राहतात. आत्या त्या फक्त संघर्ष नावाच्या भाच्याच्या. पण वॉचमनही त्यांना आत्याच म्हणतो, आणि नाही म्हटलं तर त्याची धडगत नसते. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर पेन्शन लागली. मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावर भाचा संघर्ष, त्याची बायको पंचशीला आणि दोन वर्षांची अनुष्का. दोघं नोकरीवर निघाली की अनुष्का आत्यांकडे.

बाई मोठी मानी. बुद्धविहारातल्या बायकांना सांगून ठेवलेलं, "घरचं लेकरू हाय. मी पैसा घेत न्हाय." आणि पैसा तर दर महिन्याला बँकेत येऊन पडत होता! पंचशीलानेच हट्टाने चालू केलेला. पाळणाघराला दिला असता तो आत्यांना दिला, त्यात वावगं काय? वावगं काहीच नव्हतं. फक्त कोणाला कळायचं नव्हतं.

बिंग फोडलं गुणवंतरावांनी. हे गृहस्थ दादरहून इथे आले. आयुष्य एका कर सल्लागाराच्या ऑफिसात गेलं, आता चहाच्या बदल्यात अख्ख्या इमारतीचे रिटर्न भरून देतात. आत्यांच्या ठेवीवर बँक कर कापते, तो परत मिळवायला त्यांनाही भरावं लागतं. जुलैत एका संध्याकाळी कट्ट्यावर पासबुक चाळताना ते म्हणाले, आणि हळू बोलणं त्यांच्या घराण्यातच नाही,

"सरोजाबाई, हे दरमहा संघर्षकडून काय येतं?"

शेजारी बसलेली वासंती निवडायची मेथी विसरून सरसावली.

"भाचा हाय माझा. देतो खुशीनं. भेट समजा," आत्या पुटपुटल्या.

"नाही समजता येत. रक्कम वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेलीय, आणि भाचा कायद्याच्या नातेवाइकांत बसत नाही. तुम्ही त्याला दिलेत तर तुम्ही नातेवाईक. त्याने तुम्हाला दिले तर तो नातेवाईक नाही."

"अहो, त्याचं नाव मी ठेवलं! पाळण्यात वाकून त्याच्या कानात मी सांगितलं, पाठीत बायकांचे बुक्के खाल्ले. अन् तो माझा कोणी न्हाय?"

"कायदा मी नाही केला, बाई. आणि मुळात ही भेट नाहीच. तुम्ही मूल सांभाळता, त्याचा हा मोबदला. उत्पन्न म्हणून दाखवायचा."

"मग कर किती?"

"शून्य. तुमचं सगळं मिळूनही मर्यादेच्या आतच आहे."

"शून्य तर लिहायचं कशाला?"

"उत्पन्न आहे म्हणून."

"डोकं कोणाचं फिरलंय, सरकारचं का तुमचं?"

"आगं बया," वासंतीला आता राहवेना, "म्हंजे आत्या पगारी हाय व्हय?"

झालं! पुढच्या रविवारी विहारात चपला काढता काढताच हाक आली, "आल्या का पगारी आत्या?" आत्यांच्या अंगाची लाही झाली. घरी आल्या त्या सरळ तिसऱ्या मजल्यावर.

"आजपासून एक रुपया नको मला. सरकारात कामाची बाई म्हणून नाव लावून घ्यायचं न्हाय."

पंचशीला वैतागली. "आत्या, लोकांचं काय ऐकता? आणि तुम्ही फुकट करायला लागलात की मी तुम्हाला एक शब्द बोलायची सोय राहिली नाही."

"राहू दे ना गं," संघर्ष म्हणाला. "आत्या घरचीच तर आहे." फुकटची सोय पुरुषांना किती पटकन पटते!

मग ती सोय सुरू झाली. आधी सहाला वर जाणारी अनुष्का आठ वाजले तरी आत्यांच्या गादीवर नाचतेय. सिलिंडरवाला येणार, आत्या आहे ना. कुरिअर येणार, आत्या आहे ना. एका रविवारी आत्या पांढरी साडी नेसून कुलूप लावत होत्या, तर संघर्ष लेकीला घेऊन दारात.

"आत्या, जरा मॉलला जाऊन येतोय."

"मी विहारात चाललेय."

"मग ने की हिला. तुला काय सांगायचं, तू घरचीच."

नेली. ऐन वंदनेत अनुष्काने असं भोकाड पसरलं की सगळ्यांच्या माना वळल्या. आत्या तिला घेऊन बाहेर आल्या, मागोमाग वासंती.

"पगारी होतीस तेच बरं होतं गं," वासंती म्हणाली. या खेपेला ती चिडवत नव्हती. "रविवारी तरी मोकळी असायचीस."

आत्या परत फिरल्या. लेकरू कडेवर तसंच, आणि बेल वाजवली गुणवंतरावांची.

"लिहा."

"काय लिहू?"

"मूल सांभाळते, असं लिहा. मागच्या वर्षीचं लिहा, अन् पुढच्या वर्षीही लिहा."

"पण तुम्ही तर पैसे बंद केलेत."

"चालू होतील."

संध्याकाळी संघर्ष खाली आला. आत्यांनी अनुष्काला त्याच्या हातात दिलं. "सहाला न्यायचं. रविवारी आणायचं न्हाय. पैसे पहिल्यासारखे."

"अगं, असं परक्यासारखं काय बोलतेस?"

"परकी असते तर सुट्टी मागावी लागली नसती मला."

मागोमाग आलेल्या पंचशीलाने जिन्यातच नवऱ्याचा मोबाइल घेऊन पैसे पाठवले आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो लेकीला घेऊन जिना चढू लागला.

पुढच्या रविवारी सकाळी संघर्ष गुणवंतरावांच्या दारात उभा. कडेवर अनुष्का, तिच्या हातातलं बिस्कीट त्याच्या शर्टावर.

"काका, आत्याला देतो ते पैसे माझ्या करातून वजा होतील ना?"

"नाही. मूल सांभाळायच्या खर्चाला आपल्याकडे वजावट नाही."

"तिचं उत्पन्न धरता, माझा खर्च नाही धरत? हा कुठला न्याय?"

"ओरडू नकोस, लेकरू घाबरेल."

गेटवर पांढरी साडी दिसली तसा तो धावला. "आत्या! अगं, दहा मिनिटं धरतेस का हिला?"

"सुट्टी हाय," आत्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.